पद्मजाचं 'नाही'

भूपाल चौगुले नीट बोलायला लागला, तेव्हाच खरं तर घरात कुणाला तरी शंका यायला हवी होती.

इचलकरंजीत यंत्रमागवाल्याच्या घरी जन्मलेला माणूस बोलत नाही, ओरडतो. मागांच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून लहानपणीच त्याचा घसा तसा घडतो आणि माग बंद असले तरी आवाज काही खाली येत नाही. भूपाल त्यातही वरचढ. वाक्य सुरू करायचा, पण ते संपवायची तसदी घ्यायचा नाही. "ते हे बघ की, काल ते..." एवढं म्हणून तो अंगणात निघून जायचा आणि उरलेलं समोरच्यानं ओळखायचं. सगळे ओळखायचेही, एक बायको सोडून.

पद्मजाला उरलेलं कधीच ओळखता आलं नाही. ती त्याच्या मागोमाग अंगणात जाऊन विचारायची, "काल ते काय?" त्यावर तो वैतागायचा. नणंद म्हणायची, "मुद्दाम करतीया." शेजारी म्हणायचे, शिष्ट आहे. ती बोलायची पुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द पुरा. या गावात जन्म काढूनही तिच्या तोंडी गावची बोली बसली नव्हती, म्हणून तिला पुण्याची म्हणून चिडवायचे. पुण्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

घरामागच्या शेडमध्ये आठ माग होते आणि शेवटच्या खिडकीखाली तिचं टेबल. टेबलाला वर काच, काचेखाली दिवे. विणून आलेलं कापड त्यावरून ओढत न्यायचं आणि दोष शोधायचे: तुटलेला धागा, तेलाचा डाग, नक्षीत चुकलेलं एखादं घर. कॅमेरे आले तसं बहुतेक काम कॅमेऱ्यानंच घेतलं, पण कॅमेऱ्याला शंका आली की ते थान, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, पद्मजाकडे येई. मागांचा आवाज तिला कधी बोचला नाही. तो ठरलेला असतो, पुढचा ठोका कधी पडणार ते माहीत असतं. तिला बोचायचा तो माणसांचा आवाज. तो कधी कुठून येईल याचा नेम नसतो.

एक्कावन्नाव्या वर्षी, झोप येत नाही म्हणून डॉक्टरकडे गेली तेव्हा पुढच्या तपासण्या होत होत कळलं की तिला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता. हा शब्द तिला मुळीच पटला नाही. "मी स्वतःत मग्न नाही," ती डॉक्टरांना म्हणाली, "मला बाकीचं सगळं फार दिसतं आणि फार ऐकू येतं. शब्द बदला." शब्द बदलणं डॉक्टरांच्या हातात नव्हतं. पण त्या दिवशी घरी येताना रिक्षात ती रडली आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं. आपण शिष्ट नाही, खोडसाळ नाही, वेंधळीही नाही, एवढं कुणीतरी अर्ध्या शतकानंतर कागदावर लिहून दिलं होतं. फार हलकं वाटलं तिला.

मोठेपणी निदान झालेल्यांसाठी त्या वर्षी एक नवी योजना सुरू झाली होती. नाव 'उमज'. केंद्रातल्या समुपदेशक कुंभोजकर मॅडमनी पद्मजाच्या मनगटावर एक पट्टा बांधला आणि सांगितलं, "तुमचा ताण हा मोजेल. आणि घरच्यांना मार्गदर्शन मिळेल." पद्मजाच्या डोळ्यांपुढे फळा आणि बाकं आली. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलंसुद्धा, "तुमचा वर्ग किती वाजता असतो?" तो नुसता हसला. हसला म्हणजे विनोद झाला असावा, असं समजून तिनं तो विषय सोडला.

आणि मग भूपाल नीट बोलायला लागला.

"पद्मजा, मी आता पंखा बंद करणार आहे, कारण मला गार वाटतंय. पूर्ण बंद करू की कमी करू?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिच्या हातातली वाटी पडायची राहिली. वाक्याला शेवट होता! आवाज खालचा होता! दाराची कडी आपटणं थांबलं. पाहुणे येणार असले तर आदल्या दिवशी सांगितलं जाऊ लागलं. तिला चोवीस वर्षांत पहिल्यांदा सासरचं घर घरासारखं वाटलं. माणूस पन्नाशीनंतर सुधारू शकतो, असं ती मागांना तेल घालणाऱ्या मुजावरांनाही सांगून आली.

त्यात राखीपौर्णिमेची दुपार तर तिनं जपून ठेवली होती. घरात पंधरा माणसं जेवून गेली होती. ती थकून शेडमध्ये टेबलापाशी बसली होती, तेव्हा भूपाल आला आणि उभ्यानंच म्हणाला, "त्या हुपरीच्या लग्नात. तू मांडवातनं उठून गेलीस. तुझं काय चुकलं नव्हतं. मला लाज वाटली चारचौघांत, म्हणून मी वरडलो." ते लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती. बँडच्या आवाजानं तिचा जीव गुदमरला होता आणि सगळ्या भावकीसमोर त्यानं तिला नको ते सुनावलं होतं. त्या दुपारी पद्मजाची छाती धडधडायला लागली, ती हुंदके देऊन रडली. पण त्यानंतर तिच्या मनातला एक काटा कायमचा निघाला.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता पुढचं ऐका.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी तिसऱ्या मागावर धागा सारखा तुटत होता. मुजावर म्हणजे शेडचा सगळ्यात जुना माणूस. मागाला शिवी दिल्याशिवाय त्यांचा पाना फिरत नसे. ते पद्मजाच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "वैनी, मी आता तिसरा माग थांबवणार आहे, कारण धागा तुटतोय. आत्ता थांबवू की हे थान संपल्यावर थांबवू?"

पद्मजाचे हात काचेवर थबकले.

नक्षीच्या कापडात एक आकृती ठरावीक अंतरानं परत येते. तिला धंद्यात 'रिपीट' म्हणतात. एकदा आली तर ती नुसती फुलं असतात, दुसऱ्यांदा आली की कळतं, मागे ठसा आहे. आधी काय करणार ते सांगायचं, मग कारण, मग दोन पर्याय. भूपाल असंच बोलत होता. पुण्याहून फोन करणारी त्यांची मुलगी प्रांजल असंच बोलत होती. आणि आता मुजावर? ज्यांनी आयुष्यात 'कारण' हा शब्द उच्चारला नव्हता?

"मुजावर," ती म्हणाली, "तुम्हाला असं बोलायला कुणी शिकवलं?"

मुजावर गडबडले. त्यांचा हात नकळत उजव्या कानामागे गेला. "मला कोण शिकवतंय वैनी," म्हणत ते लगबगीनं निघून गेले. जाताना पानाही विसरले.

त्या दिवसापासून पद्मजा माणसांचे कान बघायला लागली. भूपालच्या उजव्या कानामागे, केसांच्या कडेला, मसुरीच्या डाळीएवढं काहीतरी चिकटलेलं होतं. रंग कातडीचाच. इतके महिने ते आपल्याला कसं दिसलं नाही, याचा तिला राग आला. ती लोकांच्या तोंडाकडे बघायचीच टाळायची, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं सरळ विचारलं, "तुमच्या कानामागे काय आहे?"

भूपाल क्षणभर थांबला. मग अगदी सावकाश म्हणाला, "तुला प्रश्न पडलाय हे मी समजू शकतो. ते ऐकण्याचं साधन आहे. आपण यावर आत्ता बोलू या की तुझा चहा झाल्यावर?"

ऐकण्याचं साधन! मागांनी कान गेलेले निम्मे लोक गावात तसलं काही ना काही लावून फिरत होते. उत्तर खोटं नव्हतं, पण त्यात काहीतरी लपलं होतं. आणि 'मी समजू शकतो' हे शब्द भूपालच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला बोललेले नव्हते. पद्मजाला चहाची चव लागली नाही. तिला एकच शंका खाऊ लागली: हे महिने मी बोलले कुणाशी? नवऱ्याशी की त्याच्या कानाशी? आणि ती राखीपौर्णिमेची दुपार? तीसुद्धा कुणीतरी कानात वाचून दाखवली होती का?

खोटं बोलणं तिला जमत नसे. पण खरं बोलूनही परीक्षा घेता येते.

भूपालची थोरली बहीण सुनंदा, म्हणजे अक्का, वरच्या मजल्यावर राहायची. पद्मजाच्या पट्ट्यावर तिचा पहिल्यापासून डोळा. "मला बी दाव की गं, बीपी सांगतंय व्हय ते?" असं ती दर चार दिवसांनी म्हणायची. एका संध्याकाळी जेवणाआधी पद्मजानं विचारलं, "अक्का, हा पट्टा आज तुम्ही घालून बघता का?"

अक्का हरखल्या. पट्टा चढवला आणि स्वेटरची बाही वर ओढून घेतली. पद्मजाच्याही अंगात स्वेटर होता, तेव्हा कुणाच्या मनगटावर काय आहे ते कुणालाच दिसत नव्हतं.

जैनाघरचं जेवण, दिवस मावळायच्या आत ताटं मांडलेली. प्रांजलचा फोन भिंतीला टेकवून ठेवला होता, ती तिकडून गप्पा मारत होती. पद्मजा निवांत आमटी-भात कालवत होती. तिला खरोखरच बरं वाटत होतं, शेंगदाण्याची चटणी फक्कड जमली होती. एवढ्यात मांजर खिडकीतून आलं आणि अक्कांनी जपून ठेवलेलं सायीचं पातेलं त्यानं खाली लोटलं.

"अगं बया बया बया! मुडदा बशिवला तुझा!" अक्का लाटणं घेऊन उठल्या. छाती धपापत होती, तोंड लालबुंद.

आणि त्याच वेळी भूपालनं मान वळवली. अक्कांकडे नाही, पद्मजाकडे. अगदी मऊ आवाजात तो म्हणाला, "मला वाटतंय, तुला आत्ता खूप त्रास होतोय."

"मला वाटतंय, आई, तुला आत्ता खूप त्रास होतोय," फोनमधून प्रांजल म्हणाली.

दोघांचे शब्द एकमेकांवर पडले. प्रांजल एकदम गप्प झाली. पद्मजानं घास तोंडात घातला, चावला, गिळला. भूपाल बिचारा पुढचं म्हणून मोकळा झाला, "आपण टीव्हीचा आवाज कमी करू की तू आत जाऊन बसशील?"

टीव्ही बंद होता. सकाळपासून बंद होता.

"मला काही त्रास होत नाही," पद्मजा म्हणाली. "त्रास अक्कांना होतोय. पट्टा त्यांच्या हातात आहे."

भूपालचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. पद्मजानं तो बघितला नाही. ती उठली आणि ताट घासायला टाकून शेडमध्ये गेली. तिथे तिला जे वाटलं ते रागापेक्षा वाईट होतं. लाज वाटली. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आपल्या एकटीपासून लपवली गेली की वाटते तशी. ही लाज तिच्या ओळखीची होती, शाळेपासूनची.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात जाऊन बसली. कुंभोजकर मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी काही लपवलं नाही, उलट उत्साहानं सगळं समजावून सांगितलं.

"आपण वैतागलोय हे माणसाला कळायच्या कितीतरी आधी त्याच्या कातडीला कळलेलं असतं. घाम किंचित वाढतो, नाडी बदलते, श्वास उथळ होतो. पट्टा ते टिपतो. आता एकच गोष्ट सांगायच्या शंभर तऱ्हा असतात. त्यातली कुठली तऱ्हा वापरली, कुठल्या वेळी, किती सावकाश, म्हणजे तुमच्या ताणाचा आकडा कमीत कमी हलेल, हे यंत्र रोज शिकत जातं. हजारो माणसांवरून आधी शिकलेलं असतं, मग तुमच्यावरून शिकतं. आणि घरच्यांच्या, रोजच्या कामातल्या माणसांच्या कानात ते वाक्य सांगतं. बास. जादू काही नाही."

"मला विचारलं नाही."

"सांगितलं होतं की पहिल्या दिवशी. घरच्यांना मार्गदर्शन मिळेल म्हणून."

पद्मजाला ती बाकं आणि तो फळा आठवला.

"आणि बघा ना फरक!" मॅडमनी पडदा तिच्याकडे वळवला. ताणाची रेघ उतारावरून उतरत सपाट झाली होती. "तुमच्यासारखा निकाल जिल्ह्यात कुणाचा नाही. राखीपौर्णिमेला तेवढी एक मोठी उडी दिसतेय, ती सोडा."

"त्या दिवशी घरात पंधरा माणसं होती."

"तेच असणार. आणि खरी गंमत सांगू? सुरुवातीला तुमचा आकडा सगळ्यात जास्त कधी चढायचा माहितेय? कुणाला 'नाही' म्हणताना. आवाज चढायचा, नाडी धावायची. यंत्रानं ते बरोबर हेरलं. आता ती वेळच येत नाही. गेल्या कित्येक महिन्यांत तुम्ही एकदाही कुणाला 'नाही' म्हटलेलं नाही."

मॅडम हसत होत्या. पद्मजाच्या पायांखालची फरशी थंड झाली.

एकदाही नाही. आणि ती कोण? जिचं निम्मं आयुष्य 'नाही' म्हणण्यात आणि ते कुणी न ऐकण्यात गेलं! चौगुल्यांच्या घरात 'नाही' हा नुसता शिष्टाचार होता. पाहुण्यानं पोळी नको म्हणायची, यजमानानं ती वाढायची, पाहुण्यानं पुन्हा नको म्हणायची आणि मग खायची. पद्मजाचं 'नाही' मात्र खरं असायचं. तरी तिच्या ताटात पोळी पडायचीच, तिला नको असलेला चहा रोज कपात पडायचा आणि गार व्हायचा. म्हणून तर तिला ओरडून सांगावं लागे, म्हणून तर नाडी धावे. यंत्रानं लोकांना ऐकायला शिकवलं नव्हतं. त्यानं 'नाही'च काढून टाकलं होतं.

"म्हणजे यंत्राला माझं 'नाही' हा आजार वाटला," ती म्हणाली.

"आजार नव्हे हो. ताण."

"मग या महिन्यांत मी कशाकशाला 'हो' म्हटलं?"

मॅडमना ते माहीत असायचं कारण नव्हतं. पद्मजाला माहीत होतं. बसमध्ये ती एकेक 'चालेल' आठवत गेली. शनिवारी अक्कांच्या मैत्रिणी वरच्या मजल्याऐवजी खाली जमतील, चालेल. प्रांजलच्या शेजारी पुण्यात घर बघू, चालेल. आणि दिवाळीनंतरच्या एका शांत सकाळी, तिच्या आवडीचे पोहे समोर असताना, भूपालनं खालच्या आवाजात विचारलं होतं, शेड विकायची बोलणी या महिन्यात सुरू करू की पुढच्या? ती म्हणाली होती, पुढच्या. दोन्हींपैकी एक निवडायचं होतं, तिनं निवडलं. विकायची का, हा पर्यायच तिच्यापुढे आला नव्हता.

रविवारी शिरदवाडचे बाळगोंडा पाटील शेडचा सौदा पक्का करायला येणार होते. तिचं टेबल, तिची खिडकी, तिचे आठ ठरलेले आवाज. ते गेले तर पुण्याच्या त्या बंद घरात ती दिवसभर काय बघणार होती? माणसांचे कान?

तीन दिवस ती कुणाशी बोलली नाही. मसूर चिकटवलेल्या कानांत शब्द घालायची तिला भीती वाटत होती. भूपाल मात्र तिच्या आगेमागे घोटाळत राहिला, तोंड उघडायचा आणि मिटायचा.

रविवारी पाटील आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. सोबत जावई. अक्कांनी चहा आणला. सगळे बैठकीत बसल्यावर पद्मजा आतून आली, उघड्या मनगटानं. पट्टा तिनं पिठाच्या डब्यात टाकला होता.

"पद्मजा," भूपालनं सुरुवात केली, "पाटील आले आहेत, कारण आपण..." आणि तो अडखळला. कानातला आवाज बंद पडला असणार. माणूस अंधारात जिना चाचपतो तसा तो पुढचा शब्द शोधू लागला.

"कानातलं काढा," पद्मजा म्हणाली.

"अगं, मानसं बसल्यात..."

"काढा. आणि तुमच्या तोंडानं विचारा."

भूपालनं कानामागे नख घातलं, ती मसूर ओढून काढली आणि बशीत टाकली. टिकलीएवढा आवाज झाला. मग त्याचा जुना आवाज परत आला, फाटका आणि मोठा, तिच्या कानाला झोंबणारा.

"आता ह्ये काय काढलंस! तूच तर म्हणालीस की... चालतंय म्हणून! न्हाई म्हणजे... ते शेड... इकू का नको?"

तिनं दोन्ही हात कानांवर नेले आणि परत खाली घेतले. छातीत माग सुरू झाला होता. इतके महिने न वापरलेला शब्द घशातून वर येताना खरवडत आला.

"नाही!"

तो फार मोठ्यानं आला. चिरका आला. पाटलांच्या जावयानं कप खाली ठेवला. अक्कांनी कपाळावर हात मारला. पाटील मात्र जाणत्या माणसासारखे हसले. असली 'नाही' त्यांनी आयुष्यभर सौद्यांत ऐकली होती.

"वैनींचं बरोबर हाय," ते म्हणाले. "घरच्या लक्ष्मीनं एवढं म्हणायलाच पायजे. आपण आकडा थोडा वाढवू. घ्या वैनी, पेढा घ्या."

"नाही."

"अवो, एक तरी..."

"पाटील." भूपाल उठून उभा राहिला होता. त्याचा आवाज खाली आला नव्हता, पण वाक्य मात्र पुरं झालं. "हिला एकच 'न्हाई' येतंय. आपल्यासारखी दोन न्हाईत हिच्याकडं. शेड इकायची न्हाई."

पाटील गेले. पेढे राहिले, अक्का रागारागानं ते घेऊन वर गेल्या. उन्हं कलली होती, माग रविवारचे बंद होते. भूपाल खुर्चीत बसला आणि गुडघे चोळू लागला.

"मी दमलोय गं," तो म्हणाला. "आठ माग आता... पाठ..."

"पाठ काय?" ती म्हणाली.

"पाठ चालत न्हाई. म्हणून म्हटलं इकावं. आन तू हो म्हणालीस तर मला वाटलं, तुला बी पटलं."

"त्यावर आपण भांडू," पद्मजा म्हणाली. "उद्या. पट्टा मी माझ्यासाठी घालीन. तुमच्या कानात काही असणार नाही."

"मॅडम म्हणाल्या, कानातल्याचं सारखं सांगू नगा तिला, बिघडतंय सगळं. मला काय म्हाईत..." तो थांबला. "पर त्यानं बरं व्हायचं की तुला. तू हसायचीस."

हेही खरंच होतं. ती हसायची. ते पुरे केलेले शब्द आता परत येणार नाहीत, याचं तिला वाईट वाटलं आणि ते तिनं लपवलं नाही, डोळे पुसले. मग जो प्रश्न विचारायला ती इतके दिवस भीत होती तो विचारला.

"राखीपौर्णिमेला तुम्ही हुपरीच्या लग्नाचं बोललात. ते कुणी सांगितलं होतं?"

भूपाल कसनुसा झाला. "ते व्हय... त्याच्यावरनं तर कानात नुसता दंगा. थांबा म्हणतंय, हा इषय नगो म्हणतंय, तिला तरास हुईल म्हणतंय. शेवटी काढून खिशात टाकलं आन बोललो. परत घालताना मला वाटलं, केलं वाटोळं. तू एवढी रडलीस."

पद्मजा जागच्या जागी उभी राहिली. ऐकलेलं एकदम खरं मानायची सवय तिनं या आठवड्यात टाकली होती. माणूस बरं दिसावं म्हणून काहीही बोलतो. पण केंद्रातल्या पडद्यावरची ती उडी भूपालला माहीत नव्हती. सगळी रेघ सपाट, आणि मधेच ती एकच उडी. पंधरा माणसांमुळे नव्हे. पंधरा माणसं गेल्यावर शेडमध्ये जे घडलं त्यामुळे. जे यंत्र तिचा आकडा तसूभर हलू देत नव्हतं, त्यानं ते वाक्य कधीच कुणाच्या तोंडी घातलं नसतं.

ते त्याचं स्वतःचं होतं. अपुरं, ओबडधोबड, आणि त्याचं.

तिला काय वाटतंय ते भूपालला कळलं की नाही, कुणास ठाऊक. आता त्याच्या कानात सांगायला कुणी नव्हतं. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि नेहमीसारखं भांडं ओट्यावर आपटलं. तिच्या कानाला झोंबलं.

"च्या?" तो आतून ओरडला.

"नाही."

आता साखरेचा डबा वाजेल, दुसरा कप खाली येईल आणि तो म्हणेल, घे की थोडा. ती वाट बघत राहिली. मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

भूपालनं एकच कप ठेवला होता.